मृगाचा पहिला पाऊस आणि गावभर पेरणी : बहुमत कसे तयार होते, अल्पमत कुठे टिकते

(प्रकरण अभ्यास)

मराठवाड्यातल्या सोयाबीनच्या गावात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जे घडते, त्याच्याइतके बहुमताच्या प्रभावाचे स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण. पहिला पाऊस पडतो, चार ट्रॅक्टर रानात उतरतात आणि चार-पाच दिवसांत निम्मे गाव पेरून मोकळे होते. पुढे उघडीप पडली की त्यातले बरेच जण दुबार पेरणीच्या दारात उभे असतात. 'घाई झाली' हे तेव्हा सगळ्यांनाच कळते. पेरायच्या आधी ते कितीजणांना कळत होते, आणि कळत असूनही ते का बोलले नाहीत, हा या प्रकरणाचा विषय आहे.

गाव आणि माणसे शिकवण्यासाठी रचलेली आहेत. लातूर जिल्ह्यातले, नदीपासून दूरचे, मध्यम ते भारी काळ्या रानाचे कोरडवाहू गाव आणि तिथले तीन हंगाम डोळ्यांसमोर धरावेत. गावातले आकडे या रचनेतले आहेत. शेतीच्या शिफारशी आणि मानसशास्त्रातले प्रयोग मात्र खरे आहेत.

पहिला हंगाम

सोयाबीन पेरणारी घरे १६०, क्षेत्र ५६० एकर, पेरणी यंत्र असलेले ट्रॅक्टर ५. मृग लागल्यावर १० जूनच्या संध्याकाळी ३२ मिलिमीटर पाऊस झाला, दुसऱ्या दिवशी ६. एकूण ३८. सोयाबीनसाठी शिफारस आहे ती ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वाफशावर, म्हणजे रान ना चिखल ना कोरडे असताना पेरण्याची. तिचे कारण साधे आहे. सोयाबीनचे बी उगवायला स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी शोषून घेते. ३८ मिलिमीटर पावसाने उन्हाळाभर भेगाळलेल्या काळ्या रानाची वरची चार बोटे भिजतात, खाली वीतभरावर माती कोरडीच राहते. तीन-चार सेंटिमीटरवर पडलेले बी फुगते, वरची ओल उन्हाने उडते, आणि फुगलेले बी सुकले की ते पुन्हा उगवत नाही. जुनी माणसे 'ओलीला ओल मिळाली का' असे विचारतात ते याचसाठी.

१२ जूनला सकाळी रस्त्यालगतच्या चार रानांत पेरणी सुरू झाली. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ती दिसत होती. १६ तारखेपर्यंत ९० घरांचे ३०० एकर पेरून झाले. मग २८ जूनपर्यंत टिपूस नाही. ३०० पैकी १९० एकर दुबार पेरावे लागले. तीस किलोची बियाण्याची बॅग ३,००० रुपये आणि पेरणीचे भाडे ९०० रुपये धरले, आणि दुसऱ्यांदा खत दिलेच नाही असे मानले, तरी एकरी ३,९०० रुपये गेले. गावाचे मिळून ७ लाख ४१ हजार. पहिल्या पेरणीत डीएपी खताची १,३५० रुपयांची बॅग घातली होती, तिचा हिशेब वेगळाच.

आता ती पहिली चार राने नीट पाहू, कारण सगळे त्यांच्यात आहे. पहिल्याच्या विहिरीला पाणी होते आणि तुषार संच होता. उघडीप पडली तर तो भिजवून घेणार होता, म्हणून त्याला ३८ मिलिमीटर पुरेसे होते. दुसरा स्वतः ट्रॅक्टरवाला. आपले रान आधी उरकले की भाड्याला मोकळा, असा त्याचा हिशेब. तिसऱ्याला मूग आणि उडीद पेरायचा होता, आणि ही पिके उशिरा चालत नाहीत. चौथ्याने या तिघांना पाहून यंत्र लावले. म्हणजे 'कोरडवाहू सोयाबीनला एवढी ओल पुरेल' असा विचार चौघांपैकी एकानेही केलेला नव्हता. गावाने मात्र तो चार जाणत्यांचा कौल धरला.

पाचव्याने चार पाहिले, दहाव्याने नऊ पाहिले, पन्नासाव्याने एकोणपन्नास. पन्नासाव्याला वाटले की एकोणपन्नास शेतकऱ्यांनी विचार करून ठरवले आहे. खरे तर पाचव्यापासून पुढे कोणी रान उकरून पाहिलेच नव्हते. प्रत्येकाने आधीच्याचा ट्रॅक्टर पाहिला होता. अर्थशास्त्रात या साखळीचे गणित १९९२ मध्ये अभिजित बॅनर्जी यांनी आणि स्वतंत्रपणे सुशील बिखचंदानी, डेव्हिड हर्शलायफर आणि आयव्हो वेल्च यांनी मांडले. आधीच्यांची कृती दिसते पण त्यामागचे कारण दिसत नाही, तेव्हा थोड्याच जणांनंतर माणूस स्वतःजवळची माहिती बाजूला ठेवून मागे चालू लागतो. तिथून पुढे कितीही माणसे वाढली तरी माहिती वाढत नाही. नव्वद घरे पेरती झाली म्हणून नव्वद पुरावे जमा झाले असे होत नाही.

तीन दोऱ्या, एकच गाठ

कार्यकर्त्यांची नेहमीची चूक अशी की या सगळ्याला 'लोक मेंढरासारखे वागतात' म्हणून मोकळे व्हायचे. हे निदान अपमानकारक आहेच, शिवाय चुकीचे आहे. सोळा जूनपर्यंत पेरणाऱ्या नव्वद घरांवर तीन वेगवेगळे जोर काम करत होते. प्रत्येकाचा उपाय वेगळा असल्याने ते सुटे करून पाहावे लागतात.

मॉर्टन डॉइच आणि हॅरॉल्ड जेरार्ड यांनी १९५५ मध्ये पहिल्या दोन जोरांतला फरक दाखवला. एक, खरे काय ते मला माहीत नाही, बाकीच्यांना माहीत असेल, म्हणून त्यांच्यामागे जाणे. दोन, मला खरे काय ते दिसते आहे, पण चारचौघांत वेगळे पडायचे नाही. पारावर "समदे पेरलालेत, तुजं काय अडलंय?" असा प्रश्न येतो तेव्हा त्यात दोन्ही असते, माहिती आणि टोचणी.

टोचणीचा जोर किती असतो हे सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या अमेरिकी विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांनी दाखवले. समोरच्या तीन रेघांपैकी दिलेल्या रेघेएवढी कोणती, एवढाच प्रश्न. एकट्याने उत्तर देताना चूक शंभरात एकापेक्षाही कमी. पण आधी ठरवून बसवलेल्या माणसांनी एकमुखाने चुकीचे उत्तर दिले, तेव्हा खऱ्या उत्तरदात्यांची सुमारे ३७ टक्के उत्तरे चुकली आणि चारपैकी तिघे एकदा तरी वाहवले. गावात काम करणाऱ्याला आणखी दोन गोष्टी जास्त उपयोगी आहेत. समोर एकच विरोधक असेल तर परिणाम जेमतेम होतो, दोन असतील तर थोडा आणि तिघे झाले की जवळजवळ पूर्ण. त्यापुढे संख्या वाढवून फारसा फरक पडत नाही. दुसरी गोष्ट, खरे बोलणारा एकच सोबती मिळाला तरी वाहवणे चौथ्या हिश्शावर येते.

तिसरा जोर मताचा नाही, रांगेचा आहे. पाच ट्रॅक्टर, प्रत्येकी दिवसाला साधारण १२ एकर, म्हणजे गावाचे ६० एकर. ५६० एकराला नऊ-साडेनऊ दिवस लागतात. वाफसा टिकतो तीन-चार दिवस. आज नाव लावले नाही तर पुढच्या पावसानंतर आपला नंबर शेवटचा, आणि तोवर वाफसा उडालेला. शिवाय एकट्याचेच रान मागे राहिले की कोवळ्या पिकावर हरणे आणि रानडुकरे येतात, खोडमाशीही उशिराच्या पेऱ्यात जास्त सतावते. या शेतकऱ्याला पाऊस कमी झाल्याचे पक्के ठाऊक असते आणि तरीही तो पेरतो. त्याला ओलीवर व्याख्यान देऊन काय होणार?

थांबलेली पाच घरे

पहिल्या हंगामात नंबर येऊनही पाच घरे थांबली होती, शेवटपर्यंत टिकली तीन. पीक त्यांचे बरे आले. तरी पुढच्या वर्षी त्यांचे अनुकरण करावे असे कोणालाही वाटले नाही.

त्यातल्या एका बाईंनी, चार एकराच्या खातेदार, खुरप्याने सहा ठिकाणी रान उकरून पाहिले होते. त्यांचे कारण ओलीचे होते. दुसऱ्या घराकडे बियाण्याला पैसे नव्हते. तिसऱ्याचे भावाशी वाटणीवरून वाजले होते. राहिलेल्या दोघांनी पाचव्या दिवशी नमते घेऊन ट्रॅक्टर बोलावला. गावाने पाचही घरांचा एकच अर्थ लावला : अडचण होती म्हणून थांबले. बाईंच्या बाबतीत तर 'घरात कर्ता माणूस नाही' एवढ्यावर विषय संपला.

अल्पमताचा प्रभाव कशावर टिकतो हे सर्ज मोस्कोविची आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये तपासले. सहा जणांच्या गटात दोघे पढवलेले. निळ्या रंगाच्या ३६ सरकचित्रांना (स्लाइड्सना) ते प्रत्येक वेळी 'हिरवा' म्हणाले, तेव्हा बाकीच्या चौघांच्या उत्तरांत ८.४२ टक्के वेळा 'हिरवा' आले. तेच दोघे २४ वेळा हिरवा आणि १२ वेळा निळा म्हणाले, तेव्हा आकडा १.२५ टक्क्यांवर घसरला. सातत्य मोडले की प्रभाव जवळपास पुसला जातो. आठ टक्के हाही मोठा आकडा नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अल्पमताकडून चमत्काराची अपेक्षा धरणारे कार्यकर्ते एका हंगामातच थकतात.

आपल्या पाच घरांत दोघांनी सातत्य मोडले आणि दोघांचे कारण दुसरेच निघाले. अल्पमताची कृती गरज, भांडण किंवा हट्ट यांच्या खात्यावर टाकता आली की लोक तिच्यावर विचार करायचे सोडून देतात. बाईंचे म्हणणे बरोबर होते, पण पाचांच्या घोळक्यात ते एकटे पडले.

दुसरा हंगाम : काय केले, काय फसले

मे महिन्यात शेतकरी गट, महिला बचत गट आणि कृषी सहायक यांनी मिळून काम हाती घेतले. पहिली बैठक फुकट गेली. कृषी सहायकांनी सुरुवातीलाच "पंच्याहत्तर मिलिमीटरशिवाय पेरू नका" असे सांगितले, मग गावातल्या मोठ्या बागायतदार अण्णांनी मान डोलावली, मग हात वर करायला सांगितले. सगळे हात वर आले. अशा हातांना काही अर्थ नसतो. सरकारी माणूस आणि वजनदार माणूस आधी बोलला की उरलेल्या बैठकीत फक्त होकाराचे आवाज येतात.

दुसऱ्या बैठकीत चिठ्ठ्या वाटल्या : किती मिलिमीटरवर पेरावे? निम्म्या चिठ्ठ्या कोऱ्या आल्या. शेतकरी ओल मिलिमीटरमध्ये मोजत नाही, हाताने मोजतो.

तिसऱ्या वेळी जमले. शाळेच्या वर्गात, दाराआड तीन झाकणबंद डबे ठेवले, झाकणाला चीर. डब्यांवर चित्रे : चार बोटे ओल, एक वीत, दीड वीत. प्रत्येक घराच्या हातात दोन दाणे दिले, एक सोयाबीनचा, एक हरभऱ्याचा. सोयाबीन म्हणजे 'माझ्या मते किती ओल झाल्यावर पेरावे'. हरभरा म्हणजे 'गावातले बाकीचे किती ओलीवर पेरतील'. आत एका वेळी एकच माणूस. ११२ घरे आली.

सोयाबीनचे दाणे : चार बोटे १८, एक वीत ६३, दीड वीत ३१. हरभऱ्याचे दाणे : चार बोटे ७९, एक वीत २६, दीड वीत ७.

डबे सगळ्यांसमोर पालथे केले आणि दाणे मोजून फळ्यावर लिहिले. ११२ पैकी ९४ जणांच्या मते वीतभर तरी ओल हवी, आणि ७९ जणांना वाटत होते की बाकीचे मात्र चार बोटांवरच पेरणार. ज्या बहुमताला प्रत्येकजण भीत होता, ते बहुमत मनातून तसे नव्हतेच. फ्लॉइड ऑलपोर्ट आणि डॅनियल कॅट्झ यांनी १९३१ मध्ये या अवस्थेला नाव दिले. मराठीत त्याला 'परस्परांविषयीचे सामुदायिक अज्ञान' म्हणता येईल. दुसरा, हरभऱ्याचा दाणा विचारल्याशिवाय ते उघडे पडत नाही. फक्त 'तुमचे मत काय' विचारून थांबणाऱ्या पाहण्यांत हीच जागा कोरी राहते.

याच्या जोडीला साधी कामे झाली. शंभर दाणे मोजून, दहा-दहाच्या दहा ओळी ओल्या पोत्यावर मांडून गुंडाळी सावलीत ठेवायची, पोते ओले राखायचे आणि सातव्या दिवशी मोजायचे. सत्तर कोंब आले तर एकरी ३० किलो बी. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्याला साधारण अर्धा किलो वाढवायचे. साठच्या खाली गेले तर ते बी पेरायचे नाही. गुंडाळ्या पारावरच ठेवल्या, कारण घरात केलेली चाचणी शेजाऱ्याला दिसत नाही आणि ट्रॅक्टर मात्र सगळ्यांना दिसतो. थांबणे ही न दिसणारी कृती आहे. ती दिसती करणे हे अल्पमताचे निम्मे काम.

पावसासाठी चार बाजूंना चार मापे ठेवली, उभ्या भिंतीचे पत्र्याचे डबे, झाडांपासून दूर, आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने मोजणी. सुरुवातीला एकाने बादली ठेवली होती. बादलीचे तोंड रुंद आणि बूड अरुंद, त्यामुळे ती पाऊस जास्त दाखवते. ती काढावी लागली. महसूल मंडळाच्या हवामान केंद्राचा आकडा जवळ ठेवायचा, पण भरवसा त्याच्यावर टाकायचा नाही, कारण दहा-बारा किलोमीटरवर पाऊस दुप्पट किंवा निम्मा असू शकतो.

सर्वांत महत्त्वाचे होते ट्रॅक्टरचे. थांबण्याची तयारी दाखवलेली १४ घरे सलग दोन पट्ट्यांत बसवली, ५२ एकर. एका ट्रॅक्टरवाल्याशी आधीच ठरले : सरासरी वीतभर ओल झाली की पहिले पाच दिवस याच पट्ट्यांचे, भाडे तेच, नंबरांची वही गटाकडे. त्यामुळे थांबणाऱ्याचा नंबर जाण्याची भीती संपली. दर दोन घरांची बांधाला बांध लागून जोडी केली, अ‍ॅश यांच्या प्रयोगातल्या त्या एका सोबत्यासाठी; पट्ट्यांच्या टोकाची दोन घरे मात्र जोडीविना राहिली. कारणही सगळ्यांनी एकच सांगायचे ठरले : "वीत भरली की पेरणार." पैशाचे, पंचांगाचे, कशाचेच दुसरे कारण जोडायचे नाही.

पाऊस कोणाच्या बाजूने नव्हता

९ जूनला ३० मिलिमीटर. ११ पासून गाव पेरू लागले. डब्यांतल्या दाण्यांनी लोकांचे मत उघड केले होते, पण ट्रॅक्टरची रांग तशीच होती, आणि ज्यांच्यासाठी रांग सुटली नव्हती ते पेरतच राहिले. १३ ला आणखी १४, एकूण ४४. पंधरा तारखेला चौदांपैकी दोन घरे फुटली. दोन्ही जोडीविना राहिलेली, पट्ट्यांच्या टोकाची. उरलेली बारा रोज संध्याकाळी एकत्र एका रानात जाऊन खुरप्याने उकरत आणि वीत टेकवून पाहत. २० जूनला ४१ मिलिमीटर झाला, एकूण ८५. बारा घरांनी २२ ते २५ जूनला, आर्द्रात पेरले.

पण त्याच पावसाने आधी पेरलेले २१० एकरही बहुतांश तगले. मुरमाड रानातले ३५ एकर मोडले, काहींनी नांग्या (न उगवलेल्या जागा) भरल्या, एवढेच. सप्टेंबरात पारावर बोलणे झाले : "थांबून काय वेगळं मिळवलं?" याला उत्तर नव्हते, आणि गटाने ते ओढून ताणून दिलेही नाही. एका वर्षाच्या पावसाने निर्णय बरोबर की चूक हे ठरत नाही. पण गाव ते तसेच ठरवते, आणि ज्या वर्षी पाऊस अल्पमताची बाजू घेत नाही त्या वर्षी बाजू बदलली की मागची सगळी कमाई जाते. बाराही घरांनी तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच वाक्य धरले.

तिसरा हंगाम : प्रभाव भलतीकडे उगवला

थांबणारी घरे १२ वरून २७ झाली. हे ठीक. पण खरा बदल दुसरीकडे दिसला. ६१ घरांनी घरीच उगवणशक्ती तपासली. ३८ घरांनी निम्मे रान आधी आणि निम्मे वीत भरल्यावर पेरले. ही वाटणी तर गटाने कधी सुचवलीच नव्हती. मागच्या वर्षी सर्वांत जास्त टोचून बोलणारे एक काका खिशात खुरपे घेऊन फिरताना दिसले; विचारले तर म्हणाले, "आमच्या आज्यापासून आम्ही वीतच बगतोय."

मोस्कोविची यांनी १९८० मध्ये मांडले की बहुमत चारचौघांतले वागणे बदलते, तर अल्पमत हळूहळू, आतून आणि बऱ्याचदा जवळच्या दुसऱ्याच प्रश्नावर मत बदलते. शार्लान नेमेथ यांनी पुढे दाखवले की टिकून राहिलेला वेगळा आवाज लोकांना त्याचे म्हणणे पटवतोच असे नाही. तो त्यांना अधिक बाजूंनी विचार करायला लावतो. निम्मे-निम्मे पेरणे हे तसेच फळ आहे, ना बहुमताचे, ना बारा घरांचे. म्हणून अशा कामाचे मोजमाप 'आमच्यासारखे किती वागले' एवढ्यावर ठेवले तर मिळालेले यशही दिसत नाही. आणि श्रेय मागायचे नाही. काकांना त्यांचा आजा असू द्यावा.

डेमन सेंटोला आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या प्रयोगात ठाम अल्पमत सुमारे २५ टक्क्यांवर पोचले की गटाचा संकेत उलटला. तो चित्राला नाव ठरवण्याचा ऑनलाइन खेळ होता; तिथे ट्रॅक्टरची रांग नव्हती, उधारीचे बियाणे नव्हते. १६० घरांत चाळीस झाली की गाव वळेल, असा हिशेब कोणी मांडू नये.

तिसऱ्या हंगामातही दोन गाठी सुटल्या नाहीत. पाऊस पडताच शेजारच्या गावांतले चार ट्रॅक्टर भाड्याला आले आणि वहीतली रांग दोन दिवस कोणी विचारली नाही. दुसरी गाठ बटईदारांची, म्हणजे मालकाचे रान वाट्याने करणाऱ्यांची. २७ घरांत बटईने करणारे एकही नव्हते. पेरायचे कधी हे मालक ठरवतो, तो लातुरात राहतो, आणि त्याला फोनवर एकच गोष्ट कळते : गाव पेरते झाले. दाण्यांच्या बैठकीलाही बटईदार आले नव्हते. खातेदारांना बोलावणे गेले होते. पुढच्या मे महिन्यात डबे पुन्हा मांडायचे आहेत. बटईदारांसाठी तिसरा दाणा ठेवायचा, तुरीचा : 'मालक किती ओलीवर पेरायला सांगेल?' मालकांनाही त्याच दिवशी बोलवायचे, पण वेगळ्या वेळी, आणि डबे दोन्ही बाजूंच्या समोर एकदमच पालथे करायचे.